पंखवाल्याची पेटी

इस्पितळाच्या जुन्या इमारतीत, अतिदक्षता विभागाच्या दारासमोर एक लांबट खोली होती. कधीकाळी ती प्रार्थनेची खोली होती म्हणतात. बांधणारे लोक केव्हाच निघून गेले. मागे लाकडी बाकं राहिली, आणि समोरच्या भिंतीत रंगीत काचांची एक उंच खिडकी राहिली. त्या खिडकीत पंख असलेली आकृती होती. निळा झगा, अनवाणी पाय, एक हात वर उचललेला आणि दुसऱ्या हातात झाकणाचं छोटंसं भांडं. तो पुरुष की बाई हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. पेशंटच्या माणसांना बसायला दुसरी जागा नसल्यामुळे सगळे तिथेच बसत, आणि नर्सा नव्या आलेल्याला सांगत, "पंखवाल्याच्या खोलीत थांबा, नाव पुकारलं की या."

ती भिंत पाडून तिथे लिफ्ट यायची होती. खिडकी एका संग्रहालयाने मागून घेतली होती. ती न फोडता उतरवायचं काम काचवाल्याकडे आलं.

काचवाला साठीला टेकलेला. चाळीस वर्षं त्याने खिडक्या, आरसे, दुकानांची दारं आणि असल्या जुन्या रंगीत काचा बसवल्या आणि उतरवल्या होत्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तो मुलीच्या घरी खालच्या मजल्यावर राहायचा, तिथेच पुढच्या बाजूला त्याचं कामाचं शेड होतं, आणि जावई त्याच्या हाताखाली काम करायचा. आता यातली गोची अशी, की धंद्यात मालक सासरा, पण नात्यात मान जावयाचा. त्यामुळे दिवसभर काम असं चालायचं: "अहो जावईबापू, तेवढी शिडी धरता का जरा?" आणि वरून जावई, "धरतो मामा, पण मग पकड कोण देणार तुम्हाला, मी का माझा भाऊ?" माणूस तोंडाने फटकळ, पण कामाला चोख होता.

देवाधर्माच्या भानगडीत काचवाला पडत नसे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, "काचेचा धर्म एकच. हातातून सुटली की फुटायचं." एवढं बोलून विषय संपवायचा.

पहिल्या दिवशी त्या दोघांनी परांची बांधली तेव्हा खोलीतल्या बाकांवरची माणसं बघत बसली. दुसरं करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. एकीच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ती शेजारणीला सांगत होती, की हा रखवालीचा देवदूत, जन्मल्यापासून प्रत्येकाच्या मागे एक असतो, दिसत नाही इतकंच. एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, आमच्या देवळांच्या कमानींवर पण असे उडणारे असतात, हातात माळा घेतलेले, पण त्यांना पंख नसतात, पंखांवाचूनच उडतात ते. कोपऱ्यातल्या सुटाबुटातल्या म्हाताऱ्याने हे ऐकून वर पाहिलं आणि सांगितलं, की त्याच्या लोकांच्या अग्निमंदिराच्या दारावर पंख पसरलेला दाढीवाला पुरुष कोरलेला असतो, त्याला खाली पाय नाहीत, नुसती पिसं. मग तिघांत बराच वेळ पंख आणि पाय यांच्यावर चर्चा झाली. भांडण नव्हतं ते. प्रत्येकाचं आत कुणीतरी होतं, आणि बोलत राहिलं की घड्याळाकडे लक्ष जात नाही.

बोलली नाही ती फक्त नानी. नानी हे तिचं इस्पितळातलं नाव. सात वर्षांची नात तिला त्या नावाने हाक मारायची, म्हणून नर्सा आणि वॉर्डबॉयही तेच म्हणू लागले. नातीला मेंदूज्वर झाला होता, ती अकरा दिवसांपासून बेशुद्ध होती. नानी खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला पाठ लावून ताठ बसायची. बाकी सगळे खिडकीकडे तोंड करून बसत, ही एकटी पाठ करून.

दुपारी चहाच्या वेळेला ती उठून काचवाल्याजवळ आली.

"किती दिवसांचं काम आहे हे?"

"चार दिवस. फार तर पाच."

"त्याचं तोंड कधी काढणार?"

काचवाल्याने वर बोट केलं. "खिडकीचे नऊ खण आहेत. तोंड वरच्या मधल्या खणात. सुरुवात वरूनच करतात, त्यामुळे आजच संध्याकाळपर्यंत."

"ते शेवटी काढता येणार नाही?"

खरं तर कामाची रीत ती नव्हे. पण प्रत्येक खण आपापल्या लोखंडी पट्टीवर टेकलेला होता, खालून सुरुवात केली तर जरा कसरत होणार होती, अशक्य काही नव्हतं. त्याने म्हातारीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, ओठ सुकले होते. आशीर्वादासाठी थांबवत असेल बिचारी, असं त्याला वाटलं.

"बघतो," तो म्हणाला. आणि जावयाला सांगितलं, "खालून घेऊ या."

"खालून?" जावई म्हणाला. "मामा, उद्या भिंत वरून बांधायला सांगाल."

चार दिवसांचं काम आठ दिवस चाललं. काचेच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, दगडासारखी कडक झाली होती, ती पटाशीने खरवडावी लागत होती, हे खरंच होतं. लोखंड गंजलं होतं, तेही खरं. पण या दोन्हींतून आठ दिवस होत नाहीत, हे काचवाल्याला कळत होतं आणि जावयालाही. जावई दोन दिवस कुरकुरला, मग नानीला स्वतःहून चहा आणून द्यायला लागला.

रोज सकाळी काचवाला आला की नानी बातमी सांगायची. आज ताप थोडा उतरला. आज डाव्या हाताचं बोट हललं, नर्सने पण पाहिलं. आज काही नाही. मधेच नातीबद्दल बोलायची. फार बोलकी पोर. आजीनेच तिला शिकवलं होतं, की प्रत्येकाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, उजवीकडचा चांगलं लिहून घेतो, डावीकडचा वाईट. पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नानी, मग माझ्या डावीकडच्याच्या पेन्सिलला सारखं टोक काढावं लागत असेल, नाही गं?" हे सांगताना नानी हसली. हसता हसता तिने तोंडावर पदर धरला आणि बराच वेळ काढला नाही. काचवाला उगाच पकड पुसत बसला.

आठव्या दिवशी व्यवस्थापक बाई आल्या. वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर लिफ्ट बसली होती. परवा भिंत पाडणारे येणार, म्हणाल्या. आठ खण पेट्यांत जाऊन पडले होते, त्या जागी प्लायवूड ठोकलेलं होतं, आणि त्या लाकडी अंधारात वर मधोमध एकटं तोंड आणि उचललेला हात एवढंच उरलं होतं.

काचवाला नानीकडे गेला. "आज काढावंच लागणार. माझा इलाज नाही."

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, म्हातारी दुवा मागतेय."

"मग?"

"तो राखण करणारा नाही. या बायकांना वाटतं तसं. मी पहिल्या दिवशी आत आले तेव्हाच ओळखलं. तो न्यायला येणारा आहे. जीव न्यायला जो येतो तो. हात बघितलात त्याचा? ये म्हणतोय. त्याच्या तोंडाकडे मी आजपर्यंत एकदाही पाहिलं नाही."

काचवाल्याला काही उमगेना. "मग तो इथे राहावा असं तुम्हाला का वाटतं?"

नानीने समोरच्या बंद दाराकडे बोट केलं. "इथे आहे तोवर तिथे नाही. शिशाच्या पट्ट्यांत पक्का बसवलाय कुणीतरी. मी खाली बसते, पहारा देते. एकोणीस दिवस दिला."

काचवाला हसला नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कदाचित हसला असता. पण ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, नळ गळतोय म्हणून खाली बादली ठेवलीय असं कुणी सांगावं तसं.

"काढून कुठे नेणार?"

"माझ्या शेडमध्ये. पेटीत. पुढच्या महिन्यात संग्रहालयात."

"पेटीला झाकण आहे?"

"आहे. स्क्रू मारतो."

"घट्ट मारा. आणि उताणा ठेवू नका."

"काच आडवी ठेवतच नाहीत. उभी ठेवतात."

"मग तोंड भिंतीकडे. आणि पोर घरी येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. शब्द द्या मला."

त्यात त्याचं काय जात होतं? त्याने शब्द दिला. संध्याकाळी शेडमध्ये पेटी भिंतीला टेकवून त्याने झाकणाला बारा स्क्रू मारले, एरवी सहा मारले असते. जावई बघत उभा होता. "मामा, कुणाला कोंडताय?" त्याने विचारलं. गंमत अशी, की बारावा स्क्रू पिळताना त्याला जरा बरं वाटलं.

पुढचे चार दिवस ठीक गेले. नानीने इस्पितळातून जावयाच्या फोनवर निरोपही पाठवला, की पोरीने काल डोळे उघडले होते, ओळखलं नाही पण उघडले होते.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला संग्रहालयाच्या बाई न कळवता आल्या. पन्नाशीच्या, कापलेले केस, खांद्याला मोठी पिशवी, चपला धुळीने भरलेल्या. फार लांबून आल्या होत्या, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होत्या. ताब्यात घेण्याआधी तोंडाच्या खणाला कुठे तडा आहे का ते स्वतः पाहायचं आहे, म्हणाल्या.

"आता पॅक झालीय ती," काचवाला म्हणाला. "बाकीचे खण दाखवतो की."

"बाकीचे बघेनच. पण मुख्य तोच ना?"

"उघडायला वेळ लागेल."

"मला अर्धा तास आहे. मी मदत करू का?" त्या खरंच बाह्या सरसावू लागल्या.

आता काचवाल्याला सांगता आलं असतं. एका आजीला शब्द दिलाय, थोडे दिवस थांबा, एवढंच. पण ते शब्द त्याच्या तोंडाशी येऊन अडकले. एवढी शिकलेली बाई, आणि आपण तिला सांगायचं, की आतल्याला बाहेर सोडायचं नाही म्हणून झाकण लावलंय? त्याला लाज वाटली. चाळीस वर्षं काचेचा धर्म एकच म्हणणारा माणूस तो. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. जावयाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान फिरवून तो करवतीला तेल घालायला लागला.

बारा स्क्रू निघायला वेळ लागला. शेवटचा निघाला तेव्हा शेडमधलं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं. वेळ त्याने मुद्दाम पाहिली नव्हती, समोरच होतं घड्याळ. खण बाहेर काढून त्याने उजेडाकडे धरला. इतक्या जवळून ते तोंड त्यानेही नीट पाहिलं नव्हतं. हनुवटीजवळ बुरशीचे ठिपके, एका डोळ्याचा रंग भट्टीत जरा उडालेला, आणि नजर वर नाही, समोर नाही, किंचित खाली, आजाऱ्याच्या खाटेकडे बघावं तशी.

बाई हरखून गेल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की संग्रहालयात एक अख्खं दालन पंखवाल्यांचं होणार आहे. जुन्या राजवाड्यांच्या दारावरचे पंखांचे बैल, देवळांचे माळावाले, कागदावर रंगवलेले फरिश्ते, त्यांचे पंख लाल-हिरवे, पोपटासारखे, अग्निमंदिरातले, आणि चर्चमधले तर ढीगभर. "माणूस कुठलाही असो," त्या म्हणाल्या, "वरून कुणीतरी येतं-जातं असं त्याला वाटतंच. यांच्यातला कोण कुठला, हे ओळखायचं त्यांच्या हातावरून. हातात तलवार, हातात कर्णा, हातात वही. आता याच्या हातात काय आहे?"

"भांडं," काचवाला म्हणाला.

"औषधाचं भांडं. हा बरं करणारा. आजाऱ्यांचा देवदूत. म्हणून तर इस्पितळात बसवला. वर केलेला हात बोलावण्याचा नाही, धीर देण्याचा आहे."

काचवाला तसाच उभा राहिला. मग त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की नानीला सांगायला पाहिजे. उद्याच. तिच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरेल! बाई गेल्यावर त्याने झाकण परत लावलं, या वेळी सहाच स्क्रू मारले, आणि संध्याकाळभर तो खुशीत होता. मुलगी म्हणाली पण, "बाबा, आज काय लॉटरी लागली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्पितळात गेला. खोलीची भिंत पाडायला घेतली होती, सगळीकडे धूळ, बाकं बाहेर बोळात आणून ठेवली होती. नानी कुठल्याच बाकावर नव्हती. ओळखीची नर्स दिसली. तिने त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहिलं आणि आधी स्वतःची मान खाली घातली.

"काल गेली हो पोर. दुपारी. साडेतीन असतील. सकाळी चांगली वाटत होती, मग एकदम..."

काचवाला बोळातल्या बाकावर बसला. धुळीने लोकांना ठसके लागत होते. पेटी उघडल्याने कुणी मरत नाही, हे तो स्वतःला सांगत होता, आणि ते त्याला पटतही होतं. तरी उठवेना.

त्यांच्या घरी तो गेला नाही. काय तोंड घेऊन जाणार? असेच दोन आठवडे गेले. आणि एका सकाळी शेडच्या दारात नानी उभी. तिचा जावई, त्या पोरीचा बाप, रस्त्यावर थांबला होता. तो बस ड्रायव्हर होता, खाकी शर्टातच आला होता.

नानी आत आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "एकच विचारायला आलेय. पेटी उघडली नव्हती ना तुम्ही?"

पेटी भिंतीशी होती. काचवाल्याचा हात तिच्या कडेवर होता. मागे काचवाल्याचा जावई काम थांबवून बघत होता.

"नाही," काचवाला म्हणाला. "शब्द दिला होता ना."

नानीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, उलट काहीतरी आत बसलं, कडी लागावी तसं. "म्हणजे तुमचा दोष नाही. मला वाटलंच. मग माझाच. त्या दुपारी बाकावर मला डुलकी लागली होती. पाच मिनिटं असतील. एकोणीस आणि पाच, चोवीस दिवस पहारा दिला आणि पाच मिनिटं डोळा लागला. तेवढ्यात गेला तो आत."

"तसं नसतं हो नानी..."

"तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली, आणि गेली.

जावई दारापर्यंत जाऊन तिला जाताना बघून आला. मग म्हणाला, "मामा, सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? मी उघडली म्हणून?"

"ते नाही, तर निदान हे सांगायचं, की तो मारणारा नव्हताच. बरं करणारा होता."

"आणि मग?" काचवाला एकदम ओरडला. आजवर त्याने जावयावर कधी आवाज चढवला नव्हता. "आणि मग तिने काय समजायचं? बरं करणाऱ्याला एकोणीस दिवस पाठ दाखवली, मग आम्ही दोघांनी मिळून त्याला पेटीत घातलं, तोंड भिंतीकडे करून? हे सांगू तिला?"

जावई परत करवतीकडे वळला.

महिनाभराने काचवाला एका दुकानाचं दार बसवायला बस डेपोजवळ गेला होता. तिथे ड्रायव्हर भेटला. त्यानेच हाक मारली. म्हातारीचं काही खरं नाही, म्हणाला. जेवत नाही, दोन घास गिळले तर गिळले. आणि झोपत नाही. झोप येत नाही असं नाही, झोपायचंच नाही म्हणते. खाटेवर पाठ टेकत नाही, भिंतीला टेकून बसते, मान लवली की स्वतःच्या हाताला चिमटा काढते. माझी बायको एकीकडे पोरीसाठी रडते, एकीकडे आईसाठी. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या जिभेखाली ठेवते आणि थुंकून टाकते. "कुणाचा पहारा देतेय आता, तीच जाणे," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण बस सुटायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी काचवाला त्यांच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ कमरेएवढ्या उंचीवर लावलेलं होतं. पोर वेळ वाचायला शिकत होती, तिला दिसावं म्हणून खाली आणलं होतं. परत वर लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता. नानी त्याच्याच बाजूला सतरंजीवर बसली होती. निम्मी झाली होती. हातांवर निळे डाग होते.

पोरीच्या आईने पाणी आणून दिलं. काचवाल्याने पेला खाली ठेवला. वाटेत त्याने जुळवलेली वाक्यं सगळी विस्कटली.

"नानी, मी खोटं बोललो. पेटी उघडली होती. त्याच दिवशी. सव्वातीनला."

ड्रायव्हर आतल्या दारात येऊन उभा राहिला.

"का?" नानीने विचारलं.

"एक बाई बघायला आल्या होत्या. शिकलेल्या. त्यांच्यासमोर तुम्हाला शब्द दिलाय असं म्हणायची मला लाज वाटली."

"लाज वाटली."

"हो."

"किती वेळ उघडी होती?"

"पंधरा-वीस मिनिटं."

नानीने बाजूच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलले. सव्वातीन, मग साडेतीन. काचवाला बघत होता. आत्ता सांगावं, असं त्याला अगदी आतून वाटलं, की नानी, तो तसला नव्हता, त्याच्या हातात औषध होतं. जिभेवर आलं होतं. त्याने पेला उचलून पाण्याचा एक घोट घेतला.

"म्हणजे माझा डोळा लागला तेव्हा तो आधीच निघाला होता," नानी म्हणाली.

"हो."

"म्हणजे जागी असते तरी..."

"तरी काही झालं नसतं. माझ्यामुळे झालं."

ती भिंतीला धरून उठली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जोर आला. "चालते व्हा. पोरीला खाल्लंत तुम्ही. लाज वाटली म्हणे! आणि वर माझ्या तोंडावर खोटं बोललात, त्या पेटीवर हात ठेवून. मी तुम्हाला चांगले म्हणाले. उठा! परत या जिन्यात पाय ठेवलात तर बघा."

काचवाला उठला. जिन्यात ड्रायव्हरने त्याला गाठलं, दंडाला धरून थांबवलं.

"हे काय केलंत तुम्ही? आधीच डोकं फिरलंय तिचं. आता हे कशाला घातलंत? पेटी उघडल्याने काय होतं?"

"काही होत नाही."

"मग?"

"डुलकी लागल्यानेही काही होत नाही," काचवाला म्हणाला.

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने दंड सोडला. वरून नानीचा आवाज येत होता, शिव्याशाप, एकामागून एक, आणि तिच्या मुलीचा आवाज, "आई, बस, आई, बस ना." ड्रायव्हर वर निघून गेला.

तीन दिवसांनी डेपोतल्या कुणाच्या तरी हाती त्याने निरोप पाठवला. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली. आणि तिथेच सतरंजीवर आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. उठली ती काचवाल्याच्या नावाने बोटं मोडतच. पण जेवते आता. निरोप एवढाच होता, त्यात आभार वगैरे काही नव्हतं, आणि काचवाल्याला ते बरोबरच वाटलं.

गोष्ट गल्लोगल्ली पसरायला वेळ लागला नाही. नानी भेटेल त्याला सांगत होती, नाव-पत्त्यासकट. तिच्या वस्तीतून काचवाल्याला येणारी कामं बंद झाली. काही जण हसण्यावारी न्यायचे, काही जण मात्र त्याला बघून लहान मुलांना घरात बोलवायचे. काचवाल्याच्या मुलीच्या ते कानावर आलं तेव्हा ती संतापली. "बाबा, जाऊन सांगत का नाही तुम्ही? त्या संग्रहालयाच्या बाईंनी सांगितलं ना, तो बरं करणारा होता म्हणून? एका वाक्यात तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"होतील," काचवाला म्हणाला.

"मग?"

जावयाने मधे पडून बायकोला गप्प केलं, आणि हे त्याने पहिल्यांदाच केलं असावं.

खिडकी संग्रहालयात बसवायला दोघं जाऊन आले. बाईंनी खाली लावायची पाटी दाखवली. ठळक अक्षरात लिहिलं होतं: आजाऱ्यांना बरं करणारा देवदूत. काचवाल्याने विचारलं, की नुसतं 'पंख असलेली आकृती' असं लिहिलं तर चालणार नाही का? बाईंना वाटलं तो गंमत करतोय. "अहो, माहीत असताना का नाही लिहायचं?" त्या म्हणाल्या. दालन उघडायच्या दिवसाचं बोलावणं आलं, तेव्हा जावई गेला, काचवाला गेला नाही.

झोपेचं म्हणाल तर आता ती त्याला नीट लागत नव्हती. दुपारी काम करता करता मधेच हात थांबायचा. उजेडाला धरलेली साधी काच सुद्धा तो उगाच उलटून पाहायचा.

थंडीच्या दिवसांत एकदा तो औषधांच्या दुकानातून बाहेर पडत होता. समोरून नानी येत होती. अंगाने जरा भरली होती, हातात भाजीची पिशवी होती, चाल बरी होती. तिने त्याला पाहिलं. ती थांबली, बाजूला थुंकली, आणि रहदारीतून वाट काढत पलीकडच्या कडेला गेली. एक रिक्षावाला तिच्यावर ओरडला, तिनेही त्याला दोन शब्द सुनावले.

काचवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो हलला नाही, नाहीतर तिला परत रस्ता ओलांडावा लागला असता. मग तो घरी गेला. औषधं काउंटरवरच राहिली होती. संध्याकाळी जावई जाऊन घेऊन आला.